ही भीती कुणाची

शुभदाबाईंना आयुष्यात एक प्रश्न फार उपयोगी पडला होता. "ही भीती नक्की कुणाची आहे?" बत्तीस वर्षं समुपदेशन केल्यावर, आणि त्यातली शेवटची आठ वर्षं दुसऱ्या समुपदेशकांना सांभाळण्यात घालवल्यावर, त्यांच्याजवळ अशी पाच-सहा वाक्यं साठली होती. त्यातलं हे लाडकं. समोरचं माणूस तिसऱ्याच कुणाबद्दल घाबरून बोलायला लागलं की बाई चष्मा काढायच्या, शांतपणे हा प्रश्न विचारायच्या आणि समोरचं माणूस रडायचं. रडलं की बाईंना वाटायचं, नेम बरोबर बसला. दगड कुठेही लागला तरी माणूस रडतंच, त्यात नेमाची काही थोरवी नसते. हे कळायला बाईंना चौसष्टावं वर्ष लागलं, आणि टाकव्याचा गोरख जावा लागला.

गोरखला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तो एका मदतसंस्थेत कामाला होता. पूर येवो, दरड कोसळो, संस्थेची माणसं ताडपत्र्या, तांदूळ, औषधं घेऊन पोचायची, छावणी उभी करायची, जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या याद्या करायची. या माणसांची मनं टिकावीत म्हणून संस्थेने त्यांना कोच दिले होते. कोच म्हटलं की लोणावळ्यात आधी रेल्वेचा डबा आठवतो आणि टाकव्यात कबड्डी. पण हे कोच म्हणजे दर आठवड्याला फोनवर पन्नास मिनिटं ऐकणारं माणूस. सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आता असलं ऐकून ऐकून कोचच्या मनाचं काय होणार? म्हणून कोचच्या वर शुभदाबाई. याला सुपरव्हिजन म्हणत. महिन्यातून दोनदा कोचने बाईंच्या तुंगार्लीच्या घरी यायचं, पडवीत बसायचं, साठलेलं सगळं रिकामं करायचं आणि हलकं होऊन जायचं. आणि बाईंचं कोण ऐकणार? तर त्यांच्यावर पुण्याचे सुहास. अशी छान उतरंड रचलेली होती. तिच्या तळाशी कोण बसलंय, याची चौकशी वरून फारशी होत नसे.

गोरखची कोच अमृता. बेगडेवाडीची, तेहेतीस वर्षांची, तळेगावच्या एका कारखान्यात एच.आर.ला. नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम फुकट करायची. दर गुरुवारी पाच वाजता गोरख टाकव्याच्या पुलावर येऊन उभा राहायचा, कारण तिथे रेंज चांगली, आणि "बोला म्याडम" म्हणायचा. मग स्वतःच बोलायचा.

त्याला जाऊन आता अडीच आठवडे झाले होते.

मागच्या वर्षी जुलैत आंदर मावळातल्या एका डोंगरवाडीवर दरड आली. गावातली माणसं तिला नुसतं वरची वाडी म्हणतात. सतरा माणसं काढली, त्यातली नऊ गोरखने स्वतःच्या हाताने. अठरावी सापडली नाही. सहा वर्षांची चैताली. पाचव्या दिवशी शोध थांबला, जागेला कुंपण पडलं, पोरीचं नाव यादीत मृत म्हणून चढलं. यादी गोरखनेच केली होती. पोरीची आजी धोंडाबाई छावणीत रोज सकाळी त्याच्यापाशी येऊन विचारायची, "माजी चैती घावली का रं?" आणि तो एकदा बोलून गेला, "आनतो मावशी. काय तरी आनतोच." मदत करणाऱ्या माणसाने असं वचन देऊ नये, हे त्याला प्रशिक्षणात दोनदा शिकवलं होतं. पण प्रशिक्षणात धोंडाबाई नव्हती.

या जूनपासून दर रविवारी तो गुपचूप वरच्या वाडीला जात होता. कुंपणाखालून आत शिरायचा, झाडीत लपवलेली कुदळ काढायचा आणि सकाळी आठ ते दुपारी दोन उकरायचा. घरी सांगायचा, ड्यूटी आहे. कारण दरडीनंतर त्याच्या बायकोने, सविताने, त्याला लेकीची शपथ घातली होती की पुन्हा त्या डोंगरावर पाय ठेवायचा नाही. संस्थेला अर्थात काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त अमृताला, आणि अमृतामुळे शुभदाबाईंना.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तो उतार पुन्हा खाली आला. गोरख मंगळवारी सापडला. काढायला त्याच्याच संस्थेची माणसं गेली होती.

मग सविताला कळलं की रविवारी ड्यूटी नव्हती. त्याच रविवारी नव्हे, कुठल्याच रविवारी नव्हती. मग हा माणूस अकरा रविवार जात कुठे होता? गावाला असा प्रश्न पडला की गाव उत्तराशिवाय झोपत नाही. दरडीतून वाचलेल्यांच्या पत्र्याच्या शेड वरच्या बाजूला होत्या, पायवाट त्याच उताराखालून जायची, आणि शेडमध्ये एक तरुण विधवा राहत होती. झालं. कुदळ मातीखाली गेली होती, ती कुणाला दिसलीच नाही. दशक्रियेला नदीवर आलेली माणसंसुद्धा कुजबुजत होती. सविता संस्थेच्या वडगावच्या ऑफिसात जाऊन साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला बाकी कायबी नको. त्यो तितं कुनाकडं जात व्हता, येवढंच सांगा."

साहेब म्हणजे राजेंद्र. वाईट माणूस नव्हे. दरडीच्या वेळी तोही चार दिवस चिखलात होता. पण ऑफिसात बसलं की माणसाला कागद दिसायला लागतात. बुधवारी सकाळी त्याचा बाईंना फोन आला.

"शुभदाताई, सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच्या मर्जीने गेला. आपण काय करणार? तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. कोचिंगमध्ये असं काही समोर आलं नव्हतं, एवढंच. त्यात अमृताही सुटते. उगाच तिच्यावर शेकायला नको."

"कोचिंगमध्ये काय आलं ते मला सांगता येत नाही, राजेंद्र. माणूस गेला तरी गोपनीयता राहते."

"तेच तर म्हणतोय मी. सांगूच नका. फक्त काही आलं नाही असं लिहा. शुक्रवारपर्यंत."

बाईंनी फोन ठेवला. आधी त्यांना बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. नियम किती सोयीचा असतो! बत्तीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं राखायला वापरलेलं कुलूप आज आपल्याच पेटीला लागतंय. त्या उठल्या आणि कपाटातून वही काढली.

वहीत जुलैतलं एक पान होतं. त्या दिवशी पावसाने पडवीत तुषार येत होते, म्हणून त्या आणि अमृता आत बसल्या होत्या. अमृताने पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नव्हती.

"ताई, तो एकटा जातो. पाऊस असला तरी जातो. मी विचारलं, वर पाण्याला नवीन वाट फुटली आहे का? तर म्हणाला, व्हय, दोन ठिकाणी. मला राजेंद्र सरांना सांगायचंय. नाहीतर त्याच्या बायकोला. आपल्या करारात चौथं कलम आहे ना, जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडता येते. हा धोका नाही का?"

कलम होतं. अमृताने ते नेमकं दाखवलं होतं. पण बाईंना त्या क्षणी कलम दिसलं नाही, त्यांना दिसला प्रितम. अमृताचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी बेगडेवाडीला रूळ ओलांडताना गेला. त्या सकाळी त्याने बहिणीला फोन केला होता आणि मीटिंग होती म्हणून तिने कट केला होता. हे सगळं अमृताने याच घरात, याच खुर्चीत बसून सांगितलेलं. बाईंनी चष्मा काढला.

"अमृता, ही भीती नक्की कुणाची आहे? गोरखची की प्रितमची?"

अमृताने खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

"तू गोरखला नाही, भावाला वाचवायला निघाली आहेस. ती वेळ गेली, बाळा. गोरखला त्याचं दुःख त्याच्या पद्धतीने उकरू दे. तू फक्त सोबत राहा."

अमृता रडली. खूप वेळ रडली. जाताना म्हणाली, "बरोबर आहे ताई, माझंच मध्ये येत होतं." आणि बाईंनी वहीत लिहिलं: 'अ. भावाचं दुःख वर आलं. तिची सीमा तिला दाखवली. चांगलं सत्र.'

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पोरगी डोंगराबद्दल सांगत होती आणि बाईंनी पाणी तिच्या डोळ्यांतून काढलं. पाण्याच्या दोन नव्या वाटांबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी, मरणाच्या दहा दिवस आधी, गोरख पुलावरून हसत बोलला होता. पैंजण सापडलं. चांदीचं, घुंगरू दबलेलं, चैतालीचंच. बिगी बिगी नेऊन देणार नव्हता तो. घासूनपुसून, पुढच्या रविवारी कामशेतला, धोंडाबाई बहिणीकडे राहत होती तिथे, सावकाश बसून देणार होता. आता उकरणं बंद, म्याडम, म्हणाला. अमृताने आनंदाने बाईंना फोन केला, आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाईही खूश झाल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "माणसाला त्याची वाट सापडते." पुढच्या गुरुवारीही तो तेच म्हणाला, रविवारी कामशेत. मग रविवारी तो कामशेतला न जाता पुन्हा वरच्या वाडीला का गेला? हे दोघींनाही कळत नव्हतं. बाई रोज तेवढ्यावरच अडकायच्या. हातात पैंजण असलेला माणूस परत कशाला जाईल?

बुधवारी दुपारी त्यांनी सुहासांना फोन लावला. बाईंना ऐकणारं जगात एवढं एकच माणूस होतं, आणि तेही ठरलेल्या वेळेला. सुहासांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांच्या त्या खोल, मऊ आवाजात विचारलं, "शुभदा, त्या बाईला सामोरं जाण्याची ही भीती... ती नक्की कुणाची आहे?"

बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्या सुहासांकडूनच शिकल्या होत्या. आतून बारीक आवाज येत होता, "शुभदा? आहेस का?" त्यांनी उत्तर न देता फोन बंद केला.

संध्याकाळी अमृताचा फोन आला. ती 'जय भीम ताई' म्हणाली नाही, नेहमीसारखं 'कशा आहात' विचारलं नाही.

"मी उद्या रजा टाकली आहे. टाकव्याला जातेय, सविताताईंना सांगायला. नियम मोडणार आहे. हे तुम्हाला सांगायचं होतं, विचारायचं नव्हतं."

"राजेंद्र तुला काढून टाकेल."

"टाकू दे. माझ्या आईला चार वर्षं लोक विचारतात, पोरगं दारू प्यायला होतं का. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, ताई. त्याचं तोंड माझ्याजवळ राहिलंय."

"मीही येते," बाई म्हणाल्या. हे धैर्य होतं, की अमृता तिथे आपलं नाव घेईल की काय या धाकाने आपण सोबत चाललोय, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बत्तीस वर्षं लोकांना स्वतःचे हेतू तपासायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःचा हेतू तपासायचं त्या दिवशी टाळलं.

गुरुवारी दहाच्या सुमारास दोघी कान्ह्याच्या स्टेशनवर भेटल्या. एक लोणावळ्याकडून आली, एक बेगडेवाडीकडून. सहा सीटर रिक्षात त्यांच्या समोर खताची गोणी आणि एक म्हातारे आबा होते. भात पोटरीला आलं होतं. अमृता बाहेर बघत होती. पूल आला तेव्हा तिने हळूच म्हटलं, "इथेच उभा राहायचा तो." बाईंनी कठड्याकडे पाहिलं. तिथे एक माणूस टेकून फोनवर बोलत होता, साधा, कुणीतरी.

"आज गुरुवारच आहे," अमृता म्हणाली, आणि तिने ओढणी तोंडावर धरली.

बाईंच्या पर्समधला फोन वाजला. राजेंद्र. त्यांनी तो वाजू दिला.

घर सापडायला वेळ लागला नाही. सांगणाऱ्या बाईने बोट दाखवताना ओठ मुडपले, त्यावरूनच कळलं की गाव अजून उत्तर चघळतंय. उंबऱ्यात गोरखची आई अंबूबाई बसली होती, तांदूळ निवडत. तिने वर पाहिलं, कोण म्हणून विचारलं नाही, फक्त पाय आखडून वाट दिली. सविता आतून आली. तिशीची, बारीक, डोळे कोरडे. तिने चटई टाकली, पाणी आणून ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बसली नाही.

"हापिसातनं आलाय का?"

"नाही," अमृता म्हणाली. "मी अमृता. गुरुवारी फोनवर गोरखदादांशी बोलायचे, ती. आणि या शुभदाताई."

"तुमी व्हय गुरुवारवाल्या म्याडम." सविता जरा पुढे झाली. "त्या दिशी दोन भाकरी जास्त खायाचा त्यो. म्या म्हनायची, काय दिती ती बया तुला? म्हनायचा, कायबी देत न्हाई, नुसतं ऐकती."

अमृताने पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला. मग एका दमात सगळं सांगितलं. धोंडाबाई, वचन, कुदळ, अकरा रविवार. कुठली बाई नव्हती, कुठलं लफडं नव्हतं. माणूस एका मेलेल्या पोरीला शोधत होता. शपथ मोडली म्हणून घरी सांगायला लाजत होता. अंबूबाईचे तांदळातले हात थांबले. तिने पदर तोंडाला लावला आणि बारीक आवाजात, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, रडायला लागली. "माजं लेकरू," एवढंच ती म्हणत होती.

सविता रडली नाही. तिने विचारलं, "कवापास्नं म्हाईत व्हतं तुमाला?"

"जूनपासून."

"आन् मला का न्हाई सांगितलंत? म्या पाय धरलं असतं त्याचं. म्या दारात आडवी पडली असती."

"चुकलं माझं," अमृता म्हणाली. "नियम होता, पण... चुकलं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

ती तेवढ्यावर थांबली. बाईंचं नाव तिने घेतलं नाही. बाईंना कळलं की ती घेणारच नाही, कारण पडवीतलं पडवीत ठेवायचं हे बाईंनीच तिला शिकवलं होतं आणि ही पोरगी शिकवलेलं पाळते. आता नुसतं गप्प बसलं की झालं. सविताला उत्तर मिळालंय, गोरखचं नाव स्वच्छ झालंय, शुक्रवारच्या दोन ओळी लिहायच्या की नाही ते नंतर बघता येईल. बाईंनी चष्मा काढला, सवयीने. मग त्यांना त्या सवयीचीच किळस आली आणि त्यांनी तो परत लावला.

"सविता, ही खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. "ही सांगणार होती. जुलैतच सांगणार होती, तुला किंवा साहेबांना. ती माझ्याकडे आली होती विचारायला. मी तिला थांबवलं. मी म्हटलं, तुझी भीती खोटी आहे. तुझा भाऊ गेला म्हणून तुला तसं वाटतंय, गोरखला काही होत नाही. मी त्या डोंगराचा विचारच केला नाही. थांबवलं ते मी."

अमृताने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते, आणि बाईंना ते अपेक्षितही नव्हते. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मात्र वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. पडवीत येऊन बोलून गेलेल्या माणसांना कसं वाटत असेल, ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या बऱ्या वाटण्याच्या भरातच त्या पुढे बोलल्या. तिथे थांबायला हवं होतं, थांबल्या नाहीत. मेलेल्या माणसाचं जे चांगलं उरलंय तेही या बाईच्या ओंजळीत घालावं असं त्यांना वाटलं.

"आणि तो हरला नाही गं. त्याला सापडलं होतं. त्या पोरीचं चांदीचं पैंजण. अमृताला त्याने सांगितलं होतं. त्या रविवारी तो वर जाणारच नव्हता, कामशेतला जाऊन धोंडाबाईंना ते देणार होता. ते कुठे असेल तर बघ घरात. आपण नेऊन देऊ."

सविताचा हात भिंतीवरून खाली आला.

"प्यांजन," ती म्हणाली. "घुंगरू दबल्यालं."

"हो. तुला दिसलं होतं?"

ती खाली बसली. एकदम नाही, भिंतीला पाठ घासत, हळूहळू. अंबूबाईचं रडणं थांबलं होतं. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"शनिवारी धुनं काढलं," सविता म्हणाली. ती बाईंशी बोलत नव्हती, समोरच्या तांब्याशी बोलत होती. "त्याच्या इजारीच्या खिशात घावलं. बारक्या पोरीचं. आमच्या पोरीला असलं न्हाई. आन् दर रविवारी हा जातुया. शेजारनी आदीच काय काय बोलायच्या. मला वाटलं, ह्याला तितं बाई हाय, तिची पोर हाय, तिला ह्यो चांदी करतुया. मी इचारलं, कुनाचं हाय ह्ये? त्यो बोलना. मान खाली घालून हुबा. मी म्हनलं, बोल की रं. त्यो बोलना. मंग म्या त्याच्या म्होरं नेलं आन् हिरीत फेकलं."

अमृताच्या तोंडून आवाज निघाला.

"त्यो कायबी म्हनला न्हाई. हिरीत बगत बसला. मी म्हनलं, बग, बग, जा मार उडी. रातभर बोलली न्हाई मी त्याच्याशी. सकाळी न जेवता गेला." ती थांबली. मग तिने मान वर केली आणि शुभदाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "प्यांजनाचा जोड असतुया."

अडीच आठवडे बाईंना न सुटलेलं कोडं चटईवर समोर पडलं होतं. हातातलं पैंजण विहिरीत गेलं, म्हणून माणूस दुसऱ्या पायातलं शोधायला गेला. पावसात, रिकाम्या पोटी, दोन नव्या वाटा फुटलेल्या उतारावर. म्हातारीला शब्द दिला होता ना.

"सविता," बाई म्हणाल्या, "यात तुझा दोष..." आणि पुढचं वाक्य त्यांना आलं नाही. ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. शेकडो वेळा शेकडो माणसांना म्हटलेलं. दोष तुझा नाही, तुला माहीत नव्हतं. पण माहीत का नव्हतं, तेच तर त्यांनी आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आज सकाळपर्यंत या घरातला गेलेला माणूस बदनाम होता. आता बदनामी धुतली गेली आणि त्याची बायको त्याच्या मरणाची धनी झाली. हे आणून द्यायला आपण लोणावळ्याहून इथवर आलो, असं बाईंच्या मनात आलं, आणि ते खरंच होतं.

अमृता सरकत सविताजवळ गेली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सविताने तो झिडकारला नाही, धरलाही नाही. तो तिथे होता एवढंच.

"त्यानं ह्ये तुमाला सांगितलं," सविता अमृताला म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती हिशोब लावत होती, समजून घेत होती. "त्यो मोकळा झाला. तुमी ह्या मावशींना सांगितलं. मावशींनी आता मला सांगितलं." ती बाईंकडे वळली. "तुमालाबी कोन तरी आसंल वर, ऐकायला."

बाईंनी मान हलवली. हो म्हणून.

सविताने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे अंबूबाई तांदळाच्या सुपावर हात ठेवून सुनेकडे बघत होती. लेकाला विहिरीजवळ बसवून ठेवणाऱ्या सुनेकडे. नजर अजून काही ठरवत नव्हती, पण ठरवणार होती. पलीकडच्या अंगणात सविताची सहा वर्षांची पोर एकटीच खेळत होती.

"मंग मी कुनाला सांगू?" सविता म्हणाली.